तुटलेला रॉकर आणि खरा दोषी

धाराशिव जिल्ह्यातलं जळकोट समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. नळदुर्ग ओलांडून हैदराबादच्या दिशेने निघालं की महामार्गावर हे गाव लागतं. इथल्या माणसाने बोटीच्या इंजिनाचा विचार कशाला करावा, असं कुणालाही वाटेल. पण विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणि लाटांवरून उसळत जाणाऱ्या स्पीडबोटीचं चारशे हॉर्सपॉवरचं इंजिन यांच्या कामाचा प्रकार एकच आहे. दोघांनाही पाणी ढकलायचं असतं, तेही तासन्‌तास, एकाच वेगाने, मध्ये दम न खाता. म्हणून दोघांचा मोडणारा भागही पुष्कळदा एकच निघतो. तो म्हणजे रॉकर आर्म, गॅरेजच्या भाषेत नुसता ‘रॉकर’.

इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर काढलं की रॉकर दिसतात. मध्ये टेकू आणि दोन्हीकडे दोन हात असलेली ही छोटी तरफ असते. खालून कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुश रॉडला ढकलतो आणि पुश रॉड रॉकरचा एक हात उचलतो. मग रॉकरचा दुसरा हात खाली येऊन व्हॉल्व्हची दांडी दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. एवढीच हालचाल, पण ती किती वेळा होते ते पाहा. शेतीपंपाचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. आठ तास पंप चालला तर एका रॉकरने ३ लाख ६० हजार वेळा मान हलवलेली असते. पेट्रोलवरचं स्पीडबोटीचं इंजिन ५००० फेऱ्यांवर धावतं तेव्हा हाच आकडा तासाला दीड लाख होतो.

सगळ्याच इंजिनांत रॉकर नसतो. दोन स्ट्रोकच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या, इंजिनात कॅमने उघडणारे व्हॉल्व्हच नसतात, तेव्हा रॉकरचा प्रश्नच येत नाही. चार स्ट्रोकच्या कित्येक नव्या आउटबोर्डमध्ये कॅमशाफ्ट थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलेला असतो. पण बोटीच्या पोटात बसवलेली मोठी इंजिनं बहुतेक मोटारी आणि ट्रकच्या घराण्यातून आलेली आहेत. अमेरिकेतल्या मर्क्रूझरने वर्षानुवर्षं जनरल मोटर्सची ५.७ आणि ७.४ लिटरची व्ही-८ इंजिनं समुद्राजोगी करून विकली. आपल्या कोकणात मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक इथल्या ट्रॉलरवर अशोक लेलँडची सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं धडधडतात. त्यांचे भाऊबंद जळकोटवरून जाणाऱ्या ट्रकमध्ये कित्येक वर्षं धावत आले आहेत. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची लहान इंजिनं तर मराठवाड्याच्या विहिरींवर घरोघरी ओळखीची झाली. या सगळ्यांत पुश रॉड आणि रॉकर आहेत.

मग तेच इंजिन ट्रकमध्ये टिकतं आणि बोटीत लवकर का मोडतं? कारण ट्रकला उतार मिळतो. तुळजापूरचा घाट चढताना इंजिन पूर्ण ताकद लावतं, पण घाट संपला की ड्रायव्हर पाय सैल करतो. सपाट रस्त्यावर तर इंजिनाच्या ताकदीचा थोडासाच भाग लागतो. पाण्यावर उतार नसतो. बोट पुढे न्यायची म्हणजे प्रत्येक सेकंदाला पाणी मागे लोटावंच लागतं. शिवाय प्रॉपेलरला, म्हणजे कोकणातल्या खलाशांच्या पंख्याला, लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाचे फेरे पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांवर आणले तर लागणारी ताकद जवळपास निम्म्यावर येते. हा एक आकडा प्रत्येक बोटचालकाने लक्षात ठेवावा, असं मला फार वाटतं. शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी इंजिनाला दुप्पट राबवावं लागतं, आणि रॉकर त्या शेवटच्या टप्प्यातच मोडतात.

याहून वाईट प्रसंग लाटेवर येतो. बोट लाटेवरून उडाली की पंखा क्षणभर हवेत फिरतो. ओझं एकदम नाहीसं होतं आणि फेरे उसळतात. विहिरीवर असंच होतं. पाणी खाली जाऊन फुटव्हॉल्व्ह उघडा पडला की पंप हवा ओढतो आणि इंजिनाचा आवाज चढतो. शेतीपंपाच्या इंजिनाला गव्हर्नर असतो, तो डिझेल कमी करून वेग आवरतो. वेगवान बोटीत हे काम चालकाच्या हाताला आणि फेऱ्यांना मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेला करावं लागतं. मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. त्या बोटी निम्मा वेळ पाण्यात आणि निम्मा वेळ हवेत असल्यासारख्या दिसत होत्या. शर्यतीतला चालक लाट येण्याआधी थ्रॉटल सोडतो, बोट टेकली की पुन्हा देतो. हौशी चालक थ्रॉटल दाबूनच ठेवतो.

फेरे वाढले की बिघडतं काय? व्हॉल्व्ह आणि रॉकर यांना दर खेपेला वेग द्यायचा, थांबवायचं आणि उलट फिरवायचं असतं. त्यासाठी लागणारं बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फेरे ५००० वरून ६००० झाले तर वेग पाचव्या हिश्श्याने वाढतो, पण हे बल ४४ टक्क्यांनी वाढतं. एका मर्यादेपलीकडे स्प्रिंगला व्हॉल्व्ह कॅमच्या मागोमाग परत आणणं जमत नाही. व्हॉल्व्ह तरंगतो, रॉकर आणि पुश रॉड यांच्यात क्षणभर फट पडते आणि पुढच्याच क्षणी ती हातोड्याच्या घावासारखी बंद होते. एकदोनदा झालं तर काही दिसत नाही. पण धातूला प्रत्येक घाव लक्षात राहतो.

यावर उपाय म्हणून लोक जास्त ताठ स्प्रिंग बसवतात, आणि इथे दुसरं संकट सुरू होतं. रॉकरचे दोन हात समान लांबीचे नसतात. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ मध्ये रॉकरचं गुणोत्तर १.५ आहे, मोठ्या व्ही-८ मध्ये १.७. समजा पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगचा जोर १५० किलो आहे. १.७ गुणोत्तराच्या रॉकरमध्ये पुश रॉडला त्यासाठी २५५ किलोने ढकलावं लागतं, आणि मधल्या टेकूवर दोन्हींची बेरीज येते, म्हणजे ४०५ किलो. म्हणून रॉकरचा टेकू सगळ्यांत आधी झिजतो, मग तो शाफ्टवरचा बुश असो, गोळा असो की सुईसारख्या रोलरांचं बेअरिंग. जास्त ताकदीसाठी स्प्रिंग बदलली, उंच कॅम टाकला आणि रॉकर व पुश रॉड मात्र कंपनीचेच ठेवले, तर ते किती दिवस टिकणार?

धातूची निवडही इथे महत्त्वाची ठरते. पोलादाला एका ठरावीक ताणाच्या खाली कितीही वेळा वाकवलं तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. ताण कमी असला तरी पुरेशा आवर्तनांनंतर ते तडकतंच. शर्यतीच्या मोटारीत ॲल्युमिनियमचे हलके रॉकर चालतात, कारण ते इंजिन वरचेवर उघडलं जातं आणि भाग मुदतीने बदलले जातात. दिवसचे दिवस चालणाऱ्या बोटीला पोलादी रॉकर बरा. चार ग्रॅम वजन जास्त असलं तरी हरकत नाही.

आता निदानाकडे येऊ, कारण खरी चूक बहुतेकदा तिथेच होते. रॉकर तुटला की नवा टाकायचा, टॅपेट सेट करायचा आणि इंजिन परत द्यायचं, ही सर्रास पद्धत आहे. माझ्या मते ती अर्धवट आहे. रॉकर स्वतःच्या दोषाने क्वचित तुटतो. त्याच्या एका बाजूला कॅम असतो, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह, त्याला तेल लागतं आणि खाली टेकू असतो. या चौघांपैकी कुणीतरी त्याला तोडलेलं असतं. तो दोषी सापडला नाही तर नवा रॉकरही त्याच वाटेने जातो.

सुरुवात कानापासून करायची. टॅपेट वाजतं तेव्हा पातळ, कोरडी टिकटिक येते. ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या वेगाने वाजते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून एकेका सिलिंडरवरून सरकवत गेलं की आवाजाची जागा कळते. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनात आणखी एक परीक्षा आहे. एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा पाइप नटाशी किंचित सैल केला की त्या सिलिंडरचा स्फोट बंद होतो. आवाज त्याबरोबर बदलला तर तो ज्वलनाचा किंवा बेअरिंगचा. तसाच राहिला तर संशय टॅपेट-रॉकरवर. मात्र उडणाऱ्या डिझेलचा दाब कातडी भेदू शकतो, म्हणून उघडा हात जवळ नेऊ नये. कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग कधीच करू नये.

इंजिन मिस मारत असेल तर दोन परीक्षा जोडीने घ्याव्यात. एक कम्प्रेशनची, दुसरी बाहेरून हवा भरून गळती मोजण्याची. कम्प्रेशन कमी आणि गळतीही जास्त असेल तर रिंग, व्हॉल्व्ह सीट किंवा हेड गॅस्केट यांचा दोष. पण कम्प्रेशन कमी असून गळती काहीच नसेल तर सिलिंडर घट्ट आहे, त्याच्यात हवाच जात नाही. म्हणजे इनटेकचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही: रॉकर तुटलाय, पुश रॉड निसटलाय किंवा कॅमचा उंचवटा झिजून सपाट झालाय. हेड न उतरवता एवढं कळतं. याच परीक्षा सोडून थेट हेड खोलणाऱ्यांनी ग्राहकाचे किती पैसे वाया घालवले असतील!

आणखी एक फसवी खूण आहे. कव्हर काढल्यावर इनटेकचा पुश रॉड वाकलेला सापडतो आणि लोक इनटेकच दुरुस्त करतात. पण दोष पुष्कळदा शेजारच्या एक्झॉस्टचा असतो. एक्झॉस्टचा रॉकर तुटला तर जळलेला वायू बाहेर पडत नाही. तो सिलिंडरमध्ये पुन्हा दाबला जातो आणि इनटेकच्या व्हॉल्व्हला त्या दाबाविरुद्ध उघडावं लागतं. त्या ओझ्याने इनटेकचा पुश रॉड वाकतो. अशा वेळी हवेच्या नळीतून उलटा फटाका वाजतो, एअर क्लिनरच्या तोंडाशी काजळी दिसते. या खुणा दिसल्या की आधी एक्झॉस्ट तपासावा.

मोडलेला तुकडा फेकून देऊ नये. साक्षीदार म्हणून त्याच्याइतका खरा कुणी नाही. भिंगाखाली मोडलेली बाजू पाहावी. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा एकामागे एक वळणाच्या रेषा दिसल्या तर तडा हळूहळू वाढत गेला आहे, म्हणजे धातू थकून मोडला आहे. जिथून रेषा सुरू होतात तिथे ओरखडा, खोच किंवा ओतकामातलं छिद्र असतं. सगळा भाग खडबडीत, दाणेदार असेल तर एकाच घावात तुटला आहे. तेव्हा अडकलेला व्हॉल्व्ह, पिस्टनला लागलेला व्हॉल्व्ह किंवा उसळलेले फेरे यांचा माग काढावा. टेकूजवळ निळसर-जांभळा रंग असेल तर तेल पोचलेलं नाही. व्हॉल्व्हच्या टोकावर रॉकर घासल्याचा पट्टा मधोमध आणि अरुंद असावा. तो एका कडेला सरकलेला असेल तर पुश रॉडची लांबी चुकली आहे आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली ढकलता ढकलता आडवाही रेटतो आहे. हेड प्लेन केलं, गॅस्केट बदललं, व्हॉल्व्ह सीट खोल गेली, तर पुश रॉडची लागणारी लांबी आपोआप बदलते. हेडचं काम करून आलेल्या इंजिनात थोड्याच दिवसांत रॉकर मोडतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

तेलाची वाट तपासणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. शाफ्टवरच्या रॉकरना शाफ्टमधल्या बारीक छिद्रांतून तेल मिळतं. जुन्या तेलाचा काळा गाळ ती बुजवतो. जुळणी करताना शाफ्ट उलटा बसवला तर छिद्रं भलत्या बाजूला जातात. स्टडवरच्या रॉकरना पोकळ पुश रॉडमधून तेल येतं, म्हणून प्रत्येक पुश रॉडमधून फुंकर मारून पाहावी आणि काचेवर लोळवून तो सरळ आहे का तेही पाहावं. बोटीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे पाणी. बोटीच्या धुराच्या मार्गात थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी सोडलेलं असतं. जास्त ताकदीच्या कॅममुळे इनटेक आणि एक्झॉस्ट काही क्षण एकदम उघडे राहतात, तेव्हा मंद गतीवर ती खारी वाफ मागे सिलिंडरमध्ये ओढली जाऊ शकते. तेल दुधाळ झालं तर त्यात पाणी आहे, आणि असं तेल रॉकरचं रक्षण करू शकत नाही.

खारी वाफ व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंज चढवते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. दोन महिने उभी राहिलेली बोट ऑगस्टमध्ये सुरू करतात तेव्हा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये धरलेला असतो. कॅमला त्याची पर्वा नसते, तो ढकलतोच. मग पुश रॉड वाकतो किंवा रॉकर तुटतो. आपल्याकडे पंपाचं इंजिन पावसाळाभर ताडपत्रीखाली उभं राहतं आणि दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याच्या पाण्यासाठी पहिल्यांदा हँडल मारलं जातं. तिथेही हेच घडतं. दोन्हीकडे उपाय एकच आणि जवळपास फुकट आहे. बंद ठेवण्याआधी जुनं तेल बदलावं, कारण जळलेल्या तेलात आम्ल असतं. एक्झॉस्टचं तोंड झाकावं. पुन्हा सुरू करण्याआधी टॅपेट कव्हर काढून रॉकरवर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तेल सोडावं. मग इंजिन हाताने फिरवत प्रत्येक व्हॉल्व्ह पुरता खाली जातो आणि पुरता वर येतो का, हे डोळ्यांनी पाहावं. हँडलच्या डिझेल इंजिनात डिकम्प्रेशनचा लिव्हर व्हॉल्व्ह उघडा धरतो. त्या लिव्हरने तो व्हॉल्व्ह आधी हाताने हलतो का, हेही बघता येतं.

टॅपेटची फट हा रोजच्या देखभालीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. ती कशासाठी ठेवायची? शंभर मिलिमीटरची पोलादी दांडी शंभर अंशांनी तापली तर साधारण ०.१२ मिलिमीटर वाढते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याहून कितीतरी जास्त तापतो. फट नसेल तर वाढलेला व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही, गळतो आणि जळतो. फट जास्त असेल तर रॉकर दर खेपेला व्हॉल्व्हवर आदळतो. वाजणारं टॅपेट सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून सगळे ते घट्ट करतात. जास्त घट्ट झालेलं टॅपेट आवाज करत नाही, म्हणून ते जास्त घातक. किती फट ठेवायची, इंजिन गार असताना की गरम, हे त्या इंजिनाच्या पुस्तकातच पाहावं. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात फट ठेवत नाहीत, ठरावीक दाब देतात. तिथे फिलर गेजची सवय कामाची नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात स्फोटाचा क्रम सहसा १-३-४-२ असतो. चौथ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असताना पहिल्याची फट घ्यावी. सहा सिलिंडरच्या १-५-३-६-२-४ क्रमात पहिल्याची जोडी सहाव्याशी लागते. लॉक नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर गेज पुन्हा घालून पाहावी. आणि रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर गेज त्या खड्ड्यावरून सरळ जाते. मोजलेली फट बरोबर दिसते, खरी फट जास्त असते. असं टॅपेट कितीही वेळा सेट केलं तरी वाजतच राहतं. तिथे रॉकर बदलणं किंवा टोक घासून घेणं हाच मार्ग.

ज्यांनी इंजिनाची ताकद वाढवली आहे त्यांनी जुळणी करताना आणखी काही फटी मोजायला हव्यात. पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हवर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडता कामा नयेत, एकूण दीडेक मिलिमीटर जागा उरावी. रॉकरची खाच स्टडला टेकू नये. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवायची पद्धत आहे. डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो हे लिहून ठेवावं. बाकीच्यांपेक्षा एकाचाच आकडा कमी येत असेल तर तिथला कॅम झिजतो आहे, आणि रॉकर तुटण्याआधीच ते कळतं.

मोडलेला रॉकर सुईसारख्या रोलरांच्या बेअरिंगचा असेल आणि ते बेअरिंग फुटलं असेल तर सगळ्या सुया मोजून सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये. एक जरी तेलाच्या चेंबरमध्ये राहिली तरी ती पुढे काय करेल ते सांगता येत नाही. चेंबर उतरवून चुंबक फिरवावा, तेलाचा फिल्टर कापून बघावा. त्याच मुदतीचे बाकीचे रॉकरही तितकेच थकलेले असतात. शक्य असेल तर पूर्ण संच बदलावा. निदान प्रत्येकावर तडे दाखवणारा रंगद्रव फवारून पाहावा. दुरुस्तीनंतर पहिला तासभर इंजिन मध्यम वेगावर चालवावं, गार झाल्यावर लॉक नट आणि फटी पुन्हा तपासाव्यात, आणि मगच पूर्ण थ्रॉटल द्यावा.